मारबतीनं नेलेला भोंगा

आमच्या वॉर्डातल्या कुरड्या पाहून बाहेरच्या पाव्हण्यांना वाटायचं, की यांच्याकडे कुरड्यांत काळे तीळ घालायची पद्धत आहे. कलाबाईच्या मुलीला पाहायला वरोऱ्याची मंडळी आली, तेव्हा मुलाच्या आईनं तळलेली कुरडी उजेडात धरून विचारलंसुद्धा, "पांढरे तीळ नाई भेटत का वो इकडे?" कलाबाईनं पापणी न हलवता सांगितलं, "काळे तब्येतीले चांगले." लग्न जमलं. ते तीळ म्हणजे गुणवंतरावांच्या राइस मिलची राख होती. ती मुलगी आता वरोऱ्याला बिनतिळाच्या कुरड्या करते आणि आईला फोनवर सांगते, की चव येऊन नाही राह्यली.

गावाचं नाव सांगत नाही. निवडणुकीची गोष्ट आहे, उगाच कुणी अंगावर यायचं. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालात की जंगल सरतं, धानाच्या बांध्या लागतात आणि नाल्यापलीकडे एक उंच धुरांडं दिसतं. त्याच्या टोपीला एका बाजूनं पोक आलं आहे आणि कमरेला पत्र्याचं ठिगळ आहे. ते दिसलं की समजा, आलं आमचं गाव. पूर्वी ते दिसायच्याही आधी वास यायचा, वाफेवर उकडलेल्या धानाचा. बाहेरगावी शिकायला गेलेली आमची पोरं दिवाळीला परत येताना बसच्या खिडकीत नाक काढून बसत. तो वास आता नाही. तो कसा गेला, तीच ही गोष्ट, आणि ती गुणवंतरावांची आहे.

गुणवंतराव माझे शेजारी. त्यांच्या माझ्यामध्ये एकच भिंत. तिच्या त्यांच्या बाजूला ग्रॅनाइट आहे आणि माझ्या बाजूला पोपडे. त्यांच्या दोन मिल, ट्रक, मूल रोडवर पेट्रोल पंप, आणि घरात नवरा-बायको दोघं असताना एक लिफ्ट. लिफ्ट कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पुढं गुडघे धरतील." इतका दूरचा विचार करणारा माणूस. पण मला ते कधी राव वाटलेच नाहीत. आम्ही दोघं एकाच शाळेत एकाच कारणासाठी वर्गाबाहेर उभे राहिलेले. चारचौघांत मी त्यांना गुणवंतराव म्हणतो, आणि भिंतीवरून बोलताना गुणवंता.

नाल्यापलीकडचं ते धुरांडं त्यांच्या वडिलांनी, लच्छूकाकांनी उभं केलं. लच्छूकाका आधी बैलगाडी हाकत. मग त्यांनी हालर, म्हणजे धान भरडायचं यंत्र, टाकलं, मग तुमसरकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या मिलमधून जुना बॉयलर आणला आणि उसना तांदूळ सुरू केला. उसना म्हणजे धान आधी भिजवायचं, वाफेवर उकडायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. बॉयलरला जळण धानाच्याच कोंड्याचं. बॉयलर आणला त्या पावसाळ्यात वादळानं धुरांड्याची टोपी वाकली आणि मधे भोक पडलं, तर काकांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून ते बुजवलं. पैसा आल्यावरही नवं धुरांडं केलं नाही. म्हणायचे, "माह्यासारखंच आहे ते. पाठ वाकली पन काम करते."

त्या बॉयलरच्या वाफेवर एक भोंगा होता. तो सकाळी वाजला की मिलवर पाळी लागायची, आणि सगळं गावही कामाला लागायचं. बायका भोंग्यावर डाळ चढवत आणि पुढच्या भोंग्यावर उतरवत. शाळेची घंटा भोंग्यानंतर व्हायची. गावात घड्याळं होती, पण ती भोंग्यावरून लावलेली. एकदा रेडिओच्या वेळेत आणि भोंग्यात फरक पडला, तर आमच्या वडिलांनी रेडिओ दुरुस्तीला नेला.

हिवाळ्यात तर मिल म्हणजे आमचं माहेर. धान भिजवलेलं गरम पाणी मागच्या नालीतून सोडत, आणि सकाळी अर्ध्या वॉर्डाच्या आंघोळी त्या नालीवर होत. आम्ही पोरं तिथून थेट शाळेत जायचो. अंगाला उकडलेल्या धानाचा वास. गुरुजी फळ्याकडे तोंड करूनच म्हणत, "आले वाटते मिलवाले." आंघोळ झाली की कोंड्याच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतून बसायचं. कोंडा आतून कोमट असतो. गुणवंता त्या ढिगात बसून मला सांगायचा, की मोठा झाल्यावर तो भोंगा वाजवणारा होणार. मालकाचा पोरगा असूनही त्याला मालक नव्हतं व्हायचं, भोंगा वाजवायचा होता. भोंगा तेव्हा वाजवायचा बॉयलरवाला, आताच्या बॉयलरवाल्या पोचूचा बाप. त्याच्याकडं आम्ही राजाकडं पाहावं तसं पाहायचो.

आता एवढं सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, असा माणूस पर्यावरणाच्या नादी कसा लागला. तर कणकीमुळं.

कणकी म्हणजे तुटलेला तांदूळ. धान भरडलं की थोडा दाणा तुटतोच. पण काही वर्षांपासून तो फारच तुटायला लागला. एके दिवशी गुणवंतरावांनी भिंतीवरून मूठ माझ्यापुढं उघडली.

"पाय गा. दाना उभाच नाई राहून राह्यला."

"भाव वाढवायची तयारी दिसते," मी म्हणालो.

"मजाक नको करू. दान्यात दूध भरायच्या टायमाले गर्मी पडते अन् कापनीच्या टायमाले पानी. दाना आतूनच चिरते. मशीनचा दोष नाई. हवाच बिघडली."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस खरंच घाबरला आहे. बापाला दाण्यावरून शेतकरी ओळखता यायचा; याला दाण्यावरून आभाळ दिसायला लागलं होतं. मग त्यांनी वाचन सुरू केलं. नागपूरला परिषदांना जायला लागले. परत येताना दर वेळी नवा शब्द घेऊन यायचे आणि आठवडाभर तो आमच्या वॉर्डात फिरायचा. रविवारी हेल्मेट घालून सायकल चालवायचे, आणि मागून त्यांची मोठी गाडी, आत पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन बसलेला ड्रायव्हर. मी विचारलं, "गुणवंतराव, सायकल कोनाची अन् पेट्रोल कोनाचं?" ते म्हणाले, "सुरुवात आहे गा. लोकाइनं पाह्यलं पायजे."

त्याच भरात त्यांनी एक ट्रक भरून रोपं एटापल्लीकडे नेली. मीही गेलो होतो, फुकटात जंगल दिसतं म्हणून. तिथल्या एका पाड्यावर दसरू नावाचे म्हातारे दादा मोहाखाली बसले होते. चारी बाजूंनी साग, ऐन, मोह, बांबू, आभाळ दिसत नव्हतं. त्यांनी ट्रकाकडं पाहिलं, मग गुणवंतरावांकडं.

"एवढी झाडं कुठून आणली, भाऊ?"

"चंद्रपूरहून. नर्सरीतून."

दसरूदादांनी बराच विचार केला. "वापस न्या. तिथं कमी असतील."

आम्ही वापस आणली.  परतीच्या वाटेवर, गडचिरोली मागं गेल्यावर, गुणवंतराव स्वतःच हसायला लागले, आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण या माणसाला स्वतःवर हसता यायचं. पैसेवाल्यांत असा क्वचित सापडतो. ती रोपं त्यांनी आमच्या तलावाच्या पाळीवर लावली आणि निम्मी जगवलीही.

मग नगराध्यक्षाची निवडणूक येणार असं ऐकू आलं. गुणवंतरावांना म्हणे लोकांनी आग्रह केला. लोक म्हणजे त्यांच्याच पंपावर हवा भरायला थांबलेले चार जण. मी भिंतीवरून चिडवायला सुरुवात केली तर ते माझ्यासारखेच भिंतीला टेकले आणि हळू बोलले.

"खरं सांगू का? मिल बापानं देली. पंप म्या टाकला. पन या गावानं मले अजून काई देलं नाई. सेठ म्हनून बोलावते, चंदा मांगते. एकदा गावानं आपल्या हातानं काई द्यावं, असं वाटते."

"मताची पेटी म्हंजे काय आहेर आहे का?"

"तसंच समज."

यावर एक विनोद माझ्या जिभेवर आला होता, पण केला नाही. म्हटलं, एक दिवस राहू दे.

एक अडचण मात्र सगळ्या गावाला दिसत होती, फक्त त्यांना दिसत नव्हती. तलाव वाचवा, हवा वाचवा असं ते ज्या चौकात बोलायचे, त्या चौकातून त्यांचंच धुरांडं दिसायचं. ते बोलत असायचे आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर राख येऊन बसायची. एकदा मी ती फुंकर मारून उडवत विचारलं, "अन् हे?"

"तो कोंड्याचा धूर आहे गा. कोंडा निसर्गातूनच आला. तो हिशेबात नाई धरत."

"कलाबाईच्या कुरड्याइले सांगून ये."

हसले आणि पुढच्या सभेला गेले.

आता मारबतीचं सांगतो. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पोरं मारबत, म्हणजे बांबू-कागदाचा बाईच्या रूपातला पुतळा, खांद्यावर घेतात आणि वॉर्डभर फिरतात. माणसं आपापल्या दारातली फांदी उपटून मागं निघतात. ज्याला जे घालवायचं असेल ते त्यानं ओरडायचं: खोकला-खरूज घेऊन जा गे मारबत, धानावरचा तुडतुडा घेऊन जा गे मारबत. नाल्यापलीकडं गावाची शीव. तिथं मारबत जाळायची, फांद्या टाकायच्या आणि परत फिरायचं. फिरताना मागं वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं, की जे दिलं ते परत घराला येतं. आणि त्या एका पहाटे कुणी कुणाचं नाव घेऊन ओरडलं तरी रागवायचं नसतं. भारनियमन, लाइनमन, जावई, सगळं आमच्या वॉर्डानं त्या नाल्यावर नेऊन टाकलेलं आहे. माझंही नाव दोनदा गेलं आहे. मारबतीनं मला नेलं नाही, तो भाग वेगळा.

निवडणुकीआधीचा पोळा आला, आणि गुणवंतरावांच्या डोक्यात आलं की यंदाची मारबत आपण द्यायची. हवामान बदलाची मारबत. मोठी, धूर ओकणारी, जगातल्या सगळ्या कारखान्यांची. त्यांनी आमच्या वॉर्डातल्या बिरजूला बोलावलं. बिरजू बांबूचं काम करतो. सुपं, टोपल्या, तट्टे आणि वर्षातून एकदा मारबत. गुणवंतरावांनी त्याला अर्धा तास जगाची परिस्थिती समजावून सांगितली. बिरजूनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे चिमनी करू ना?"

"हाव. चिमनी. मोठी."

"हात-पाय लावू?"

"लाव. तोंड भयानक कर."

झालं. बिरजूनं जन्मात जवळून एकच चिमणी पाहिली होती. तिच्याच सावलीत त्याचं घर.

मारबतीच्या पहाटे गुणवंतराव नवा कुर्ता घालून, हातात माइक घेऊन चौकात हजर. स्पीकर हातगाडीवर. पोरांनी ताडपत्री ओढली. वर मोठा बल्ब होता, आणि बिरजू कामाचा पक्का माणूस आहे. उंच काळं धुरांडं. टोपीला डाव्या बाजूनं पोक. आणि कमरेला ठिगळ. ठिगळासाठी त्यानं खरा तेलाच्या डब्याचा पत्रा लावला होता. वर लच्छूकाकांसारख्या मिशा. हे बहुधा 'भयानक तोंड' या सूचनेचं त्यानं केलेलं पालन.

सगळा वॉर्ड पाहत होता. कुणी हसलं नाही, इतकं ते हुबेहूब होतं.

गुणवंतरावांनी माइक तोंडाशी नेला. त्यांनी ओळखलं होतं, हे मी त्यांच्या मानेवरून सांगू शकतो. पण सभेची सवय. "हवामान बदल," ते म्हणाले, "घेऊन जा गे मारबत."

"घेऊन जा गे मारबत," चार-पाच जण पुटपुटले.

"कार्बन उत्सर्जन घेऊन जा गे मारबत."

या वेळी फक्त पोचूनं साथ दिली, तोही पगारी माणूस म्हणून. मिरवणूक सरकली, पण अंत्ययात्रा चालते तशी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कलाबाई ओट्यावर उभी होती, हातात पळसाची फांदी. मारबत तिच्यासमोर आली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, पदर कमरेला खोचला.

"आमच्या गुणवंताच्या मिलची राख," ती ओरडली, "घेऊन जा गे मारबत."

 आणि मग वॉर्ड असा ओरडला, की नाल्यावरचे बगळे उठले. आयुष्यभर कुणी ते बोललं नव्हतं. कुणाचा बाप मिलवर, कुणाचा भाऊ ट्रकवर, कुणाच्या कोंबड्यांना तिथली कणकी फुकट. आणि लच्छूकाकांबद्दल सगळ्यांना माया. म्हणून गळ्यात अडकून राहिलेलं सगळं त्या पहाटे बाहेर आलं. "वाळत घातलेल्या कपड्याइवरची काजळी घेऊन जा गे मारबत." "डोळ्यातलं कुसळ घेऊन जा गे मारबत." "पोराचा दमा घेऊन जा गे मारबत." हे शेवटचं ओरडली ती बिरजूची बायको, आणि त्यानंतर ओरडण्यातली मजा थोडी कमी झाली.

सगळे गुणवंतरावांकडं पाहायला लागले. माइक त्यांच्या हातात तसाच होता, चालू. त्यांचा श्वास स्पीकरमधून गावभर ऐकू येत होता. रीत अशी, की एकानं काढलेलं दुसऱ्यांनी उचलायचं. जो उचलत नाही त्याच्या घरात ते राहतं. मी म्हटलं, आता हा माइक ठेवतो आणि लिफ्टनं वर जातो.

"घेऊन जा गे मारबत," गुणवंतराव म्हणाले. सावकाश, नीट, जसं शाळेत पाढा म्हणायचे तसं.

नाल्यापलीकडं मारबत जळाली. तिच्या मागंच, अंधारात, खरं धुरांडं उभं होतं. त्या दिवशी मिलला सुटी. एकासारखं एक. आम्ही फांद्या टाकल्या आणि गावाकडं तोंड करून फिरलो. गुणवंतराव माझ्या पुढं होते. मान ताठ. एकदाही वळले नाहीत.

त्या दिवशी वॉर्डात एकच विषय. भोंगा वाजतो की नाही? माणूस माइकवर बोलला, पण माणसं माइकवर बोलतच असतात. मिल पुन्हा सुरू व्हायची ती दुसऱ्या सकाळी. त्या सकाळी आमच्या गल्लीत एवढी माणसं ओट्यावर दात घासताना मी कधी पाहिली नव्हती. कुणाच्याच तोंडातून ब्रश निघत नव्हता. कलाबाईही उभी, राखुंडी लावून.

पोचू मिलवर न जाता गुणवंतरावांच्या दाराशी आला. ते बाहेर आले.

"भाऊ, टाइम झाला. बॉयलर पेटवू ना?"

"नको."

"आज नको का…"

"देलं ते, पोचू. सगळ्याइच्या समोर देलं. आता कसा पेटवू?"

"मले काऊन नाई विचारलं, भाऊ? माहा बाप त्याच बॉयलरवर होता."

 गुणवंतराव पोचूच्या खांद्यावर हात ठेवायला गेले आणि पोचू एक पाऊल मागं सरकला. तेवढ्यात भोंग्याची वेळ होऊन गेली. कुणाच्या घरातून कुकरची शिट्टी झाली आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. मग ब्रश निघाले, आणि लोक आत गेले.

मिल बंद नाही झाली. उसना बंद झाला. विजेवर साधा तांदूळ भरडणं चालू राहिलं. बॉयलरवरच्या माणसांना गुणवंतरावांनी पंपावर, ट्रकवर, तलावाच्या कामावर लावलं. पगार तोच. पण पोचूला पंपाच्या गणवेशात टोपी घालून गाड्यांत हवा भरताना पाहून मला मिलवर धान उकडताना तो झाकण उचलायचा ते आठवायचं. वाफेत उभा राहायचा नुसता, देवळातल्या मूर्तीसारखा. आता स्कूटीवाल्या पोरी त्याला विचारतात, "काका, मागच्या चाकात किती भरली?"

आणि गाव? ज्या गावानं राख घेऊन जा म्हणून बगळे उडवले, त्याच गावाची आठवडाभरात तक्रार सुरू झाली. डाळी करपल्या. पोरांच्या शाळेच्या बस चुकल्या. आमच्या घरातल्या मोबाइलमध्ये तीन गजर लावले आहेत आणि तिन्ही बंद करून आम्ही झोपतो. भोंगा बंद करता येत नव्हता. हिवाळा तोंडावर आला तशी नालीवरच्या आंघोळीची आठवण निघाली. गेली कित्येक वर्षं त्या नालीवर कुणी गेलं नव्हतं, घरोघर गिझर आहेत. पण आठवण निघाली. चहाच्या टपरीवर लोक उकडलेल्या धानाच्या वासाबद्दल अशा आवाजात बोलायला लागले, जसं गेलेल्या माणसाबद्दल बोलतात.

समोरच्या उमेदवाराला, प्रवीण ठेकेदाराला, हे बरोबर कळलं. पोरगा हुशार. गुणवंतराव सभेत तलाव, झाडं, कचरा जाळणं, पुढच्या पिढ्या असं बोलत राहिले. प्रवीण फक्त एवढंच म्हणाला, "तुमचा भोंगा मी वापस आणीन." एवढं म्हणून तो खाली बसायचा. टाळ्या थांबायच्या नाहीत.

मी गुणवंतरावांना भिंतीवरून म्हटलं, "तूही म्हन. बॉयलर निवडनुकीपुरता पेटव. दोन महिने. मंग पाह्यता येईल."

"दोन महिने मारबतीले उधार मांगू?"

"राजकारनात चालते."

"मले माहीत आहे चालते," ते म्हणाले. "पोचूही आला होता. म्हने, भाऊ, तुमी नुसतं हो म्हना, मी रातोरात पेटवतो, साऱ्या पाळीचे मतं तुमाले. मले किती वाटलं असन, तूच सांग." आणि ते नाल्याच्या दिशेनं पाहत उभे राहिले. तिथून धुरांड्याची टोपी तेवढी दिसते.

"मंग?"

"बिरजूचं पोरगं यंदा शेकोटीजवळ बसून राह्यते. खोकत नाई." एवढं म्हणाले आणि आत गेले.

निवडणूक झाली. निकालाच्या दिवशी गुणवंतरावांच्या घरासमोर मांडव होता, लाडू होते. मांडव काढायला आलेल्या पोरांनी लाडू खाल्ले. ते हरले, फार वाईट नाही, पण हरले. आमच्या वॉर्डातही हरले. कलाबाई मला म्हणाली, "मी त्यालेच देलं बाप्पा." बाकीचेही सगळे असंच म्हणतात. सगळ्यांनी त्यांनाच दिलं असेल, तर मग हरवलं कुणी, हे मी अजून शोधतो आहे.

प्रवीणनं शब्द पाळला. नगरपालिकेच्या गच्चीवर विजेचा भोंगा बसवला. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा अर्धं गाव रस्त्यावर आलं, कुणाला वाटलं रुग्णवाहिका, कुणाला वाटलं आग. लच्छूकाकांचा भोंगा खालून वर यायचा, झोपलेल्याच्या डोक्यावरून हात फिरवत; हा एकदम कानात बोट घालायचा. कुत्री त्याच्यासोबत रडायला लागली. तरी तो रोज वाजतो, कारण उद्घाटन झालेलं आहे.

कुरड्या मात्र यंदा पांढऱ्याशुभ्र झाल्या. उन्हाळ्यात कलाबाई गच्चीवर बसून प्रत्येक कुरडीवरून बोट फिरवायची आणि बोट पाहायची. काहीच लागायचं नाही, तरी पुन्हा फिरवायची. पहिला डबा तिनं गुणवंतरावांकडं पाठवला. त्यांनी तो लिफ्टमध्ये उभं राहून उघडला, तिथंच एक मोडून तोंडात टाकली, कच्चीच. त्यांची बायको सांगत होती.

यंदाच्या पोळ्याची मारबत साधी होती. बिरजूनंच केली, पण नेहमीची, बाईच्या रूपाची. माइक नव्हता. गुणवंतराव आमच्यासारखेच दारातली फांदी उपटून मागं चालत होते, पोचूच्या बाजूनं. दोघं बोलत नव्हते, पण बाजूबाजूनं होते. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नगरपालिकेचा भोंगा घेऊन जा गे मारबत." सगळ्यांनी उचललं, आणि सगळ्यांत मोठा आवाज पोचूचा. नगराध्यक्ष प्रवीणही होता. रीत म्हणून त्यालाही ओरडावं लागलं. गुणवंतराव हसले, पण ओरडले नाहीत. पराभवाची शान त्यांनी सांभाळली.

नाल्यापलीकडं जाळ झाला. उजेड धुरांड्यावर पडला. टोपीत कुठल्याशा पक्ष्यानं काड्या जमवल्या आहेत, ठिगळ गंजलं आहे. आम्ही फांद्या टाकल्या आणि गावाकडं फिरलो. पुढं पोरं, मग पोचू, मग बाया, मग मी, आणि माझ्या मागं, सगळ्यात शेवटी, गुणवंता.  नालीच्या बाजूनं जाताना मला उगाच वाटलं, की पाणी कोमट असेल.

तिथं गुणवंतानं मागं वळून पाहिलं. एकदाच, पण चांगलं पाहिलं.

मला कसं कळलं, ते विचारू नका.